नाव घेऊन हाळी

"मुख्य नंबर कोणता लिहू?" हॉस्पिटलातल्या बाईंनी विचारलं आणि शुभांगीनं तोंड उघडायच्या आत इंद्रजितनं आपल्या मोबाइलचा नंबर सांगून टाकला.

"आणि दुसरा? तो लागला नाही तर?"

"घरची लँडलाइन आहे," शुभांगी म्हणाली.

बाईंनी मान वर केली. प्रियंका त्यांचं नाव. मूत्रपिंडाची वाट पाहणाऱ्या माणसांना निरोप देण्याचं काम त्यांच्याकडे होतं. "लँडलाइन? अजून चालू आहे?"

"वीज गेली तरी चालू असते."

प्रियंका हसल्या. मग गंभीर होऊन त्यांनी समजावून सांगितलं. इंद्रजितची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली, आईला मधुमेह आणि बायकोचा रक्तगट न जुळणारा. म्हणजे उरलं ते एवढंच, की कुठंतरी कुणाचा तरी मेंदू मृत होईल आणि त्याच्या घरची माणसं त्या अवस्थेतही 'हो' म्हणतील. "फोन कधी येईल ते मला सांगता येणार नाही. पण आला आणि तुम्ही सापडला नाहीत, तर मला थांबता येणार नाही. पुढच्याला विचारावं लागेल. तो अवयव फार वेळ थांबत नाही."

परतीच्या वाटेवर पिरंगुट मागे पडलं. शुभांगी म्हणाली, "एवढी घाई का केलीत?"

"कसली घाई? मोबाइल खिशात असतो. लँडलाइन काय गळ्यात बांधून हिंडू?"

"घरात रेंज नाही. शेतात नाही."

"रेंजच्या दगडापाशी आहे की."

"मग दिवसभर त्या दगडावर बसणार का तुम्ही?"

"बसतो. शेंदूर फास मला. येणारे-जाणारे नारळ फोडतील, खोबऱ्याचं तेवढं बघ."

तिला हसू आलं नाही. कोळवणच्या खोऱ्यात त्यांचं घर डोंगराच्या पोटात होतं. टॉवर डोंगरापलीकडे. मोबाइलच्या लहरी सरळ रेषेत जाणाऱ्या, त्या डोंगराला वळसा घालून खाली उतरत नाहीत, हे तिनं त्याला वहीवर आकृती काढून दाखवलं होतं. त्यानं ते नीट पाहिलं होतं, मान्यही केलं होतं.

"खरं सांगू?" थोड्या वेळानं तो म्हणाला. या वेळी आवाजात चेष्टा नव्हती. "लँडलाइन सांगितली असती, तर तू त्या फोनपासून हलली नसतीस. लॅबमधली नोकरी सोडलीसच. आठवड्यातून तीनदा मला मशीनला बांधतात, तेवढं पुरे आहे. तुला वायरला बांधलेली मला बघवणार नाही."

घोटावड्याच्या कारखान्यात ती पाणी तपासायची, त्यातल्या न दिसणाऱ्या गोष्टी मोजायची. तिथं एक सवय लागली होती. ज्यावर वाद घालता येत नाही, ते मोजून पाहावं. दुसऱ्या दिवसापासून ती लँडलाइनवरून त्याच्या मोबाइलला वेगवेगळ्या वेळी फोन लावू लागली. तो विहिरीवर असताना, गोठ्यात असताना, ओढ्याच्या अलीकडे, पलीकडे. बहुतेक वेळा ती एकच बाई बोलायची. आपण संपर्क करत असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.

"कोन गं ती?" तिच्या सासूनं, गोजराबाईंनी, एकदा रिसीव्हरला कान लावून विचारलं. त्या लेकाला दादा म्हणायच्या. "दादाच्या फोनवर परक्या बाईचं काय काम?"

"मशीन आहे, आत्या. रेंज नसली की बोलतं."

"मशीन का असंना, गोड बोलती. आन कवा बी केला तरी घरातच सापडती. तुज्या नवऱ्यापरीस बरी."

इंद्रजितनं मुख्य नंबर बदलू दिला नाही. शुभांगीनंही पुन्हा विषय काढला नाही. फक्त तिनं आणखी एक मोजमाप केलं. फोनची घंटा कुठवर ऐकू येते ते. गोठ्यापर्यंत स्पष्ट, तुळशीपर्यंत बरी, चिंचेखाली वारा नसेल तरच. विहिरीवर नाही. मग ती विहिरीवर जाईनाशी झाली. कुणाला न सांगता ती त्या घंटेच्या वर्तुळात राहू लागली. इंद्रजितला ते कळलं असावं, कारण पाणी शेंदायचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं.

वायरला बांधून घ्यायचं नाही म्हणे! पण तिला त्या वायरचं बांधलेपण वाटत नव्हतं. वीज गेलेली असली, घर अंधारात असलं तरी ती कधीकधी उगीच रिसीव्हर उचलायची. आत तो संथ, न तुटणारा सूर असायचा. त्याला लागणारी वीज घरातली नव्हे. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांमधून तांब्याच्या तारेवाटे ती खांबाखांबानं इथवर यायची, रानातून, ओढ्यावरून, कुणी वापरो न वापरो. 'बोला,' असं म्हणून कुणीतरी अखंड उभं आहे, असं तिला वाटायचं. इंद्रजितच्या डाव्या हातात डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडल्या होत्या. त्या जागेला कान लावला तरी तसाच एक घूंघूं आवाज यायचा. दोन्ही आवाजांचं शास्त्र तिला ठाऊक होतं. ठाऊक असल्यानं नवल कमी होत नव्हतं.

फोन आला तो भातकापणीच्या दिवसांत, सकाळी.

त्या दिवशी डायलिसिस नव्हतं. इंद्रजित ओढ्यापलीकडच्या खाचरात गेला होता. कष्टाचं काम त्याच्याच्यानं होत नव्हतं, पण कापणाऱ्यांत उभं राहिलं की बरं वाटतं म्हणायचा. खोऱ्यात धुकं तळाशी बसलं होतं, दुधाच्या पातेल्यावर साय धरावी तसं. वर डोंगराचे माथे उन्हात स्वच्छ, आणि खाली खाचरांतली माणसं, भाताच्या पेंढ्या रचलेल्या उडव्या, सगळं गडप. मधूनच विळ्यांचा खसखस आवाज यायचा आणि एखादं हसू.

"मी प्रियंका. त्यांच्या मोबाइलवर कधीची लावतेय. इंद्रजित कुठं आहेत?"

शुभांगी म्हणाली, "शेतात."

"ताप, खोकला काही?"

"नाही."

"खाल्लंय?"

"फक्त चहा. थोडासाच."

"आता काही देऊ नका. पाणीसुद्धा नको. एक मूत्रपिंड आहे. रक्त जुळतंय का ते इथं आल्यावरच कळेल, आणि आणखी एका पेशंटलाही बोलावलंय, तेव्हा मिळालंच असं गृहीत धरू नका. पण मला त्यांच्या तोंडून 'येतोय' असं ऐकायचंय. अर्ध्या तासानं मी याच नंबरवर फोन करते. तेव्हाही ते नसले, तर..."

"असतील," शुभांगी म्हणाली आणि तिनं रिसीव्हर ठेवला.

ठेवल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. ओढ्यापलीकडे पायी जाऊन यायलाच त्याहून जास्त वेळ लागत होता. बांधांवरून दुचाकी जात नव्हती. आणि फोन सोडून जाणार कोण?

गोजराबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. शुभांगीचा चेहरा बघूनच त्यांनी काठवट बाजूला सारली. चार वाक्यांत तिनं सांगितलं. म्हातारी पिठाच्या हातांनीच खळ्याच्या टोकाशी गेली, गालाला हात लावला आणि ओरडली, "ए दादाऽऽ! घरला येऽऽ!"

जवळच्या खाचरातून तुळजाबाईनं ओ दिली आणि हाळी पुढे टाकली, "ए दादाऽऽ, घरला येऽऽ!" त्यापुढच्या खाचरातून आणखी कुणी. मग सगळं थांबलं. आणि थोड्या वेळानं धुक्यातून भिवाजी बाहेर आला, धापा टाकत, हातात विळा. तो तुळजाबाईचा थोरला भाऊ.

"काय गं आक्के? मला कशापायी बोलिवलं?"

"तुला कोन बोलिवतंय मुडद्या! माज्या दादाला बोलिवलं!"

"तुळजी 'दादा' म्हनली. मीच तिचा दादा न्हवं का?"

शुभांगीला चूक तिथंच दिसली. नात्याचा शब्द एका तोंडापुरता खरा असतो. गोजराबाईंचा दादा वेगळा, तुळजाबाईचा वेगळा. हाळी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेली की माणूस बदलतो. इतक्या तोंडांतून न बदलता जाईल असा शब्द एकच.

"आत्या, नाव घ्या. पूर्ण नाव."

गोजराबाई दचकून मागे सरल्या. भिवाजीनं मान खाली घातली.

"नाव घिऊन हाळी देत न्हाईत गं," म्हातारी हळू आवाजात म्हणाली. "घरात कुनी गेलं, की मंगच त्या घरच्या रानातल्या मानसाचं नाव घेत्यात. बापाच्या नावासकट. ती हाळी आली की कुनी ओ देत न्हाई. नुसती पुढं टाकायची आन विळा खाली ठिवायचा. ह्ये गेले तवा इंदरला अशीच दिलती, ह्या भिवाजीनंच." ती थांबली. "आन आता माज्या तोंडानं? पोर आजारी असताना?"

"दुसरं काही पोचणार नाही, आत्या."

गोजराबाईंनी सुनेकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, भीती होती, आणि एक प्रश्नही होता, की तुझं शिक्षण एवढं, तुला दुसरा काही उपाय माहीत नाही? शुभांगीला माहीत नव्हता. तिनं फक्त मान हलवली.

म्हातारीनं पिठाचे हात पदराला पुसले. पदर डोक्यावरून पुढे ओढला. आणि छातीच्या तळातून, तिच्या एवढ्याशा देहात मावेल असं वाटलं नसतं, इतक्या मोठ्यानं हाळी दिली.

"इंद्रजिऽऽत हैबतराऽऽव होऽऽ!"

खसखस थांबली. सगळीकडची, एकदम.

मग तुळजाबाईचा आवाज आला. तिनं विचारलं काही नाही, नुसतं तेच नाव पुढे टाकलं. त्यापुढे एका पुरुषाचा. मग एका पोरीचा, बारीक आणि धारदार. नाव धुक्यातून जात होतं. माणूस एकही दिसत नव्हता. दिसत होती ती पांढरी सपाट साय, आणि तिच्याखालून आपल्या नवऱ्याचं नाव एकेका तोंडातून निघून दुसऱ्यात शिरत, लांब लांब चाललेलं.

शुभांगीला ठाऊक होतं की अशा सकाळी खोऱ्याच्या तळाशी थंड हवा असते आणि वर उबदार. वर निघालेला आवाज त्या सीमेवरून वाकतो आणि पुन्हा खाली येतो. खोऱ्यावर झाकण ठेवल्यासारखं होतं. दुपारी हीच हाळी ओढ्यापर्यंतसुद्धा पोचली नसती. हे सगळं तिनं एका परीक्षेत लिहिलं होतं, त्याचे गुणही मिळाले होते. पण त्या झाकणाखालून एक नाव चालत जाताना तिनं कधी ऐकलं नव्हतं. पाचवा आवाज आला. तो बाळाबाईचा असावा, डोंगरवाडीच्या बायकांचा हेल वेगळा कळायचा. मग एक इतका पुसट, की तो ऐकला की आठवला, हे तिला सांगता आलं नसतं.

मग काही नाही.

"पोचली का?" तिनं विचारलं.

"कसं कळावं? हिला ओ नसती," भिवाजी म्हणाला.

फोनला तरी घंटा असते. पलीकडे कुणी उचललं की खट आवाज होतो. इथं नुसतं सोडून द्यायचं आणि उभं राहायचं. शुभांगी दाराच्या उंबऱ्यावर, एक कान आत फोनकडे आणि एक बाहेर, अशी उभी राहिली. गोजराबाई खळ्याच्या टोकावरून हलल्याच नाहीत. त्यांचे ओठ हलत होते.

आधी आली ती माणसं. धुक्यातून एकेक, जवळच्या खाचरातली पहिल्यांदा. विळे शेतात ठेवून, पायांना चिखल, कुणी काही न बोलता. अंगणात येऊन ती भिंतीच्या कडेनं उभी राहिली. गोजराबाई दिसल्या तशी तुळजाबाई चपापली. शुभांगी दिसली तशी तिनं तोंडावर हात ठेवला, कारण मग गेलं कोण? विचारायची रीत नव्हती, म्हणून कुणी विचारलं नाही. भिवाजीनं सांगायला तोंड उघडलं, पण सांगायचं कुठून ते त्याला उमगेना.

आणि मग इंद्रजित आला. पळत. पळायची त्याला बंदी होती. बांधावरून खाली उडी टाकून, तोल सावरत, श्वास तुटलेला, मागे पलीकडे कापणीला असलेली सावळ्या आणि बाळाबाई. त्याची नजर आईवर गेली, मग बायकोवर. पुन्हा आईवर. घरात एवढीच माणसं होती आणि दोघी उभ्या होत्या. तो भिंतीला टेकला.

"कोण गेलं?"

शुभांगी पुढे झाली. वाट पाहताना कितीतरी वाक्यं तिनं जुळवली होती. फोन आलाय, लवकर चला, काही खाऊ नका. पण त्यानं विचारलेला प्रश्न बरोबर होता, हे तिला त्या क्षणी कळलं. हाळी खोटी नव्हतीच.

"आपलं कुणी नाही," ती म्हणाली. "पण गेलंय कुणीतरी."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग त्याचा डावा हात आपोआप कमरेपाशी गेला, मागच्या बाजूला.

आत घंटा वाजली. तो गेला, त्यानं रिसीव्हर उचलला, आणि धापांमधून एवढंच बोलला, "हो, मीच. येतोय." मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिला. ठेवताना त्यानं रिसीव्हर दोन्ही हातांनी ठेवला. शुभांगीकडे न बघता म्हणाला, "नंबर बदलून घ्या म्हणावं त्यांना. हाच मुख्य लिहा."

बाहेर भिवाजीनं एव्हाना लोकांना सांगितलं होतं. पण कुणी हललं नव्हतं.

"मंग कोन गेलं म्हनायचं?" बाळाबाईनं विचारलं.

"नाव सांगत नाहीत," शुभांगी म्हणाली.

"गावबी न्हाई?"

"नाही."

"बाई का बापय?"

"तेही नाही. तसा नियमच आहे."

"आन त्यांच्या घरच्यांनी... आसं मानूस म्होरं पडल्यालं असताना... घ्या म्हनलं?"

"हो."

बाळाबाईनं 'हो' ऐकलं आणि ती खाली बसली. सावळ्यानं डोक्याचं फडकं सोडलं आणि हातात धरलं. त्याच्याकडे बघून भिवाजीनं टोपी काढली. मग सगळ्यांनीच. मयताला आलेली माणसं होती, आणि मयत तर होतंच, फक्त ते इथं नव्हतं. कुठं होतं हेही ठाऊक नव्हतं. पण नाव घेऊन हाळी पडली होती आणि ती माणसं उभी होती.

हॉस्पिटलात न्यायला बोलावलेली गावातल्या कैलासची जीप यायला थोडा अवकाश होता. शुभांगी पिशवी भरत होती, तेव्हा गोजराबाई आत आल्या.

"शुभांगे, सुतक धरावं लागंल का गं?"

"कुणाचं, आत्या?"

"त्याचं. जो कोन असंल त्याचं. त्याचं मांस माज्या पोराच्या पोटात ऱ्हानार. पोराचं रगत त्यातनं फिरनार. मंग तो भावकीतला झाला का न्हाई?"

शुभांगीचे हात थांबले. तिला आठवलं ते पेशींच्या पृष्ठभागावरच्या खुणांबद्दलचं. प्रत्येक पेशीवर ओळखीची खूण असते आणि शरीर क्षणोक्षणी, झोपेतसुद्धा, एकच प्रश्न विचारत असतं. हा आपला, की परका? परका म्हटलं की त्याच्यावर तुटून पडतं. इंद्रजितला जन्मभर औषधं घ्यायची होती, ती त्या प्रश्नाचं उत्तर लांबवण्यासाठी. एवढं सगळं विज्ञान ज्या प्रश्नापाशी येऊन उभं राहिलं होतं, तोच प्रश्न ही म्हातारी पिठाळलेल्या पदरानं उभी राहून विचारत होती.

"मला माहीत नाही, आत्या," ती म्हणाली. "खरंच नाही माहीत. डॉक्टरांनाही नसेल."

"मंग मी धरते," गोजराबाई म्हणाल्या. "पोर येईस्तवर गोडधोड न्हाई, फोडनी न्हाई. त्यांच्या घरीबी नसंल आज."

जीप आली. इंद्रजित पायरी उतरला. तो थांबला, कारण अंगणभर माणसं दोन्ही बाजूंना उभी होती, उघड्या डोक्यांची, गप्प, मधे वाट सोडून. अशी वाट कुणासाठी सोडतात ते त्यालाही माहीत होतं. शुभांगीनं पाहिलं, की त्याचा पाय क्षणभर पुढे पडेना.

घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. आणि मयताच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, न बोलताच निघतात. दोन्ही रीती सगळ्यांना पाठ होत्या. पण आज या अंगणात कुठली लागू होती? आपण 'येतो' म्हटलं आणि कुणी 'ये' म्हटलं नाही तर? शुभांगीनं त्याच्या चेहऱ्यावर तो हिशोब वाचला.

तो आईच्या पाया पडला. मग सरळ उभा राहिला, आणि त्या सगळ्यांकडे बघून, जरा अडखळत, म्हणाला, "येतो."

धुकं आता विरायला लागलं होतं, पलीकडची उडवी दिसत होती. भिवाजी टोपीशी चाळा करत राहिला. तुळजाबाईनं गोजराबाईंकडे पाहिलं. गोजराबाईंचे ओठ घट्ट मिटलेले. आज त्यांच्या तोंडून एकदा ते नाव निघालं होतं, त्यांना आता स्वतःच्या आवाजाचीच भीती वाटत होती.

बाळाबाई जमिनीवरून उठली. पुढे आली, आणि कैलासच्या जीपचं दार तिनंच उघडून धरलं.

"ये, बाबा," ती म्हणाली. मग त्याच्या मागे, डोंगराकडे, जिथं कुणीच नव्हतं तिथं बघून, अगदी तेवढ्याच सहज आवाजात म्हणाली, "आन त्यालाबी घिऊन ये."